दुखत होती ती जागा

परवा फिजिओथेरपीच्या मुलीने माझ्या उजव्या खुब्याजवळची जुनी खूण पाहिली आणि विचारलं, "आंटी, ये पुराना ऑपरेशन किस चीज का है?" मी म्हटलं, खो-खोचं. ती हसली. तिला वाटलं म्हातारी गंमत करते आहे. आमच्या चौबे कॉलनीतल्या घरी ती दिवसाआड येते, माझा पाय उचलते, दुमडते, पुन्हा खाली ठेवते आणि दर वेळी तेच सांगते, "जहाँ दर्द है वहाँ हाथ रखिए." माझा हात आधी गुडघ्यावरच जातो. एवढ्या वर्षांची खोड आहे. मग मी तो उचलून वर आणते, जांघेवर ठेवते आणि म्हणते, इथे. खुबा बदलायचा आहे हे डॉक्टरांनी सांगून दोन पावसाळे उलटले. मी टाळते आहे. भीती वाटते म्हणून नव्हे, खरं तर कंटाळा आला आहे. हे एकच हाड आयुष्यभर सांभाळून मी थकले. मुलगा म्हणतो, "आई, करवा लो ना." मी मराठीत नाही म्हणते, तो हिंदीत चिडतो. आमचं भांडणसुद्धा दोन भाषांत चालतं.

पण ही खूण पडली तेव्हाची गोष्ट कुणाला नीट सांगितली नाही. तिच्यात माझी एक लबाडी आहे, म्हणून ती सांगायची राहून गेली.

तेव्हा आम्ही रेल्वेच्या क्वार्टरात राहत होतो. बाबा वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात सुतार. भंडाऱ्याकडून आलेली आमच्यासारखी बरीच घरं त्या ओळीत होती, आणि रविवारी सकाळी सगळी विहारात वंदनेला जमायची. दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालायचा. पहिला भोंगा झाला की बाबा डबा घेऊन निघत, दुसऱ्याला आम्ही शाळेत, आणि आम्ही गेलो की आई पदराखाली तेलाची बाटली घेऊन बाहेर पडायची. ओळीत कुणाकडे बाळ जन्मलं की सव्वा महिना मालिश आईनेच करायची, असं न ठरवता ठरलेलं होतं. मोहरीच्या तेलात लसूण आणि ओवा घालून ती ते करपेपर्यंत तापवायची. तो वास आमच्या पांघरुणांना, वह्यांना, अगदी भाताच्या डब्यालाही असायचा. बदल्यात कुणी ब्लाउजपीस द्यायचं, कुणी मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा. आई त्यासाठी जात नव्हती. रडणारं पोर तिच्या पायांवर आडवं झालं की ती डोळे मिटून हात फिरवायची आणि एका जागी थांबून म्हणायची, "इथी आहे याचं." आणि तिथेच असायचं. बायका म्हणत, बाईचा हात आहे की एक्सरे. आई वरवर लाजायची, पण घरी आल्यावर बाबांना ऐकवायची, "माह्या हाताले दिसते." तिला लिहितावाचता येत नव्हतं. हात हेच तिचं शिक्षण होतं आणि त्याचा तिला मनापासून गर्व होता.

मी शाळेच्या खो-खोच्या संघात होते. चौथ्या चौकोनात माझी बैठक. खो-खो ज्यांनी फक्त लांबून पाहिला आहे त्यांना वाटतं तो पळण्याचा खेळ आहे. पळायला काय, कुणीही पळतं. खरा खेळ बसण्याचा. आठ जणी एका रेघेत, एक या बाजूला तोंड करून, दुसरी त्या बाजूला, उकिडव्या बसतात. मागून पाठीवर थाप आणि "खो" पडला की त्या बसण्यातूनच सुटायचं. माझ्यासारखी सुटणारी संघात दुसरी नव्हती. हे मी आज सांगते, तेव्हा आमच्या खेळाच्या दीदी सांगायच्या. पाचव्या चौकोनात दुलारी, माझी मैत्रीण, शाळेमागच्या पाऱ्यातली, म्हणजे वस्तीतली. ती छत्तीसगढी बोलायची, मी आमच्या घरची मराठी, आणि भांडायची वेळ आली की दोघी हिंदीवर यायचो.

दुखायला लागलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. आधी खेळून आल्यावर, मग खेळताना, मग जिना चढताना. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळायला लागलं. पोरी मला बदक म्हणू लागल्या. एका संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, "काहून लंगडून राहिली व? कुठी दुखते?" बाबा समोर होते, मोठा भाऊ होता, गावाकडून काका आले होते. मला दोन जागी दुखत होतं. गुडघ्यावर, आणि त्याहून जास्त आत, जांघेत. पण जांघ हा शब्द मी आयुष्यात मोठ्याने उच्चारलेला नव्हता. आमच्या घरात पोरीच्या अंगाचा कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा भाग जणू नव्हताच. मी म्हटलं, "गुडघा."

झालं. त्या दिवसापासून आईने माझा गुडघा ताब्यात घेतला. रोज सकाळी आंघोळीआधी मी चटईवर पाय पसरून बसायची आणि ती गरम तेल ओतायची. चार महिने. खरं सांगते, बरं वाटायचं. तिच्या अंगठ्याखाली गुडघा मऊ व्हायचा आणि तासभर मला वाटायचं की गेलं सगळं. आणि एकदा, फक्त एकदा, तिचा हात गुडघा सोडून वर सरकला. मांडीवरून हळूहळू, काहीतरी शोधत असल्यासारखा. तिने डोळे मिटले होते. आता ती थांबणार आणि "इथी आहे" म्हणणार, हे मला कळलं. मी फ्रॉक ओढून घेतला आणि म्हटलं, "तिथं नाही व माय." तिने डोळे उघडले, हात पुसला आणि पुन्हा गुडघ्यावर ठेवला. तिने आपल्या हातापेक्षा माझ्या तोंडावर विश्वास ठेवला.

मग एक दिवस मैदानावर बसले ती उठलेच नाही. दीदींनी आणि बाबांनी सायकल-रिक्षातून दवाखान्यात नेलं. मागोमाग आई आली. एक्सरेचा फोटो काढला. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलायचे. त्यांनी फोटो खिडकीसमोर धरून आईबाबांना दाखवला. मांडीच्या हाडाच्या डोक्यावरची टोपी घसरली होती, वाढत्या वयात काही मुलांची घसरते. आता आत खिळा मारून ती आहे तिथे थांबवायची. मागे सारता येणार नाही. आई म्हणाली, "पर साहब, दुखता तो घुटना था." डॉक्टर म्हणाले, "यही तो धोखा है बाई. बीमारी कूल्हे में, दर्द घुटने में. आप चार महीने गलत जगह मालिश करती रहीं." ते रागावून बोलले नव्हते, नुसतं समजावत होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "जाँघ में कभी नहीं दुखा?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही.

का हलवली? आज मी स्वतःला शंभर कारणं देऊ शकते. त्या खोलीत बाबा होते, दीदी होत्या, दारात वॉर्डबॉय होता. पण तेवढंच नव्हतं. आता हो म्हटलं तर चार महिन्यांचा हिशोब माझ्याकडे मागितला जाईल, हे मला चांगलं कळत होतं. मी भित्री होते. बस.

खिळा बसला. पुढे कितीतरी आठवडे खाट, मग कुबड्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, जमिनीवर बसायचं नाही, उकिडवं तर मुळीच नाही. आमच्या घरात बसायला जमिनीशिवाय काही नव्हतं. बाबांनी गोल बाजारातून भांड्यांच्या दुकानातली रिकामी खोकी आणली आणि त्यांच्या फळ्यांची एक खुर्ची केली. चांगली भक्कम, उंच, हात टेकायला दोन दांडे. मला ती अजिबात आवडायची नाही. सगळे खाली गोल करून जेवायचे आणि मी वर, मांडीवर ताट घेऊन. मला सगळ्यांचे भांग दिसायचे. वांग्याची भाजी, वरण, भात खालून वर हातोहात यायचा. विहारातही मी मागे, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बसायची, आणि पोरी वळून बघून खुसखुसायच्या.

पण खरी उलथापालथ आईची झाली. तिने तेल तापवणं बंद केलं. घरातला वास गेला. आधी मला बरं वाटलं आणि मग तो वास नसल्याने रात्रंदिवस काहीतरी चुकल्यासारखं व्हायला लागलं. शेजारच्या शांताकाकूच्या मुलीला बाळ झालं, काकू बोलवायला आल्या. आई दारातच म्हणाली, "नाही व. माह्या हाताले काही समजत नाही आता. पोट्टीचं हाड सरकून राहिलं होतं अन् मी गुडघा चोळून राहिली होती." काकूंनी खूप समजावलं. आई गेली नाही. मग कुणी बोलवेनासं झालं. ती माझ्या पायालाही हात लावत नसे. चादर बदलताना पाय उचलायचा असला की भावाला हाक मारायची. मी खाटेवर पडून हे सगळं बघत होते. एक वाक्य बोलले असते तर संपलं असतं. रोज सकाळी ठरवायची की आज सांगू, आणि रोज भोंगा व्हायचा, बाबा जायचे, आई चुलीपाशी बसायची आणि मी भिंतीकडे तोंड करायची.

वर्षभराने डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, पळायला हरकत नाही, बैठक टाळ. आणि गुडघा किंवा जांघ दुखली तर त्याच दिवशी थांब, माझ्याकडे ये. घरी येऊन बाबांनी आईला विचारलं, पोरीला खेळू द्यायचं का. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले नका विचारू. मले पायातलं काही समजत नाही." बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "जा मंग."

मला खेळायचं होतं. किती, ते आता या थकल्या अंगाने सांगता येत नाही. वर्षभर मी खुर्चीवरून लोकांचे भांग बघितले होते. मला खाली, रेघेत, दोघींच्या मधे बसायचं होतं. पळण्याचा सराव चार आठवड्यांत जमला. बसणं जमेना. उजवा पाय दुमडून खाली गेले की आत खिळा आहे याची आठवण व्हायची. बसता येत नाही ती पोरगी खो-खोत काय करणार, खुंट धरून उभी राहणार? दीदी चांगल्या होत्या, म्हणाल्या, "तू स्कोर लिख ले." मी घरी येऊन रडले.

युक्ती दुलारीने काढली. एका संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ती म्हणाली, "बइठ तो, देखंव." मी बसायला गेले, तोंड वाकडं झालं. तिने माझा डावा पाय धरून पुढे आणला, "डेरी गोड़ आघू," आणि उजवा मागे लांब सोडायला लावला, दोन्ही हात जमिनीवर टेकवले. शर्यत सुटण्याआधी पळणारे बसतात तसं. उजव्या खुब्याला दुमडावं लागत नव्हतं. ती माझ्या मागे गेली आणि "खो" म्हणून पाठीत धपाटा घातला. मी डाव्या पायाच्या जोरावर उठले, उजवीकडे सुटले आणि थेट खुंटापर्यंत पळाले. परत आले तेव्हा दुलारी नाचत होती. "हव, हव! अइसनेच!" त्या युक्तीत एकच उणं होतं. मी फक्त उजवीकडेच वळू शकायची. डावीकडे वळायचं तर उजव्या पायाने जमीन ढकलावी लागते, आणि तो जोर माझ्यात नव्हता. आम्ही ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही, दीदींनासुद्धा नाही. लपवण्यात मी तोपर्यंत तरबेज झाले होते.

पहिला सामना अभनपूरच्या शाळेशी, त्यांच्या मैदानावर. आम्ही छोट्या लाईनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीने गेलो. ती गाडी इतकी हळू चालायची की पोरी खिडकीतून हात काढून बांधावरची फुलं तोडू बघायच्या. आईने डब्यात भात आणि आंब्याचं लोणचं दिलं होतं. निघताना ती दारात उभी राहून माझ्या पायाकडे बघत होती, तेवढंच.

पहिल्या डावात मी दोघींना बाद केलं. दोघी माझ्या उजव्या हाताला सापडल्या. माती पायाला लागत होती, घाम डोळ्यात जात होता, दुलारी मागून ओरडत होती, आणि मी इतकी खूश होते की आजही ते आठवलं की या खाटेवर बसून मला हसू येतं. दुसऱ्या डावात त्यांची एक काटकुळी पोरगी आली, दोन वेण्यांची. तिने पाचच मिनिटं माझ्याकडे बघितलं असेल. मग ती सारखी माझ्या डाव्या अंगाला रेंगाळू लागली. तिला कळलं होतं. दुलारीची थाप पडली, "खो!" पोरगी डावीकडे, हाताच्या अंतरावर. मी उजवा पाय रोवला आणि ढकललं.

गुडघ्यात कळ आली, आणि त्याच्याही आधी जांघेत. मी ओळखली तिला. तीन पावलं पळाले, हात लांबवला, वेणीचं टोक बोटांना लागून गेलं. मग पुढचा खो देऊन मी चौकोनात बसले. तिथून थांबायला हवं होतं. डॉक्टरांचं वाक्य पाठ होतं. मी थांबले नाही. आणखी एक खो पडला. माझ्या पाठीवर थाप बसली, कानात "खो" घुमला आणि मी उठलेच नाही. उठताच आलं नाही. सगळं मैदान थांबून माझ्याकडे बघत होतं. दोन वेण्यांची पोरगीसुद्धा थांबली होती.

दीदी धावत आल्या. "क्या हुआ? कहाँ दर्द है?" आसपास पंच, मास्तर, गावातले बघे. आणि माझं तोंड आपोआप बोललं, "घुटना, दीदी." दुलारी माझा हात धरून होती. तिने ज्या नजरेने पाहिलं त्यावरून तिला सगळं माहीत होतं असं मला वाटलं. आम्ही हरलो. परतीच्या गाडीत कुणी फुलं तोडली नाहीत.

दुलारीने खांद्याचा आधार देऊन घराच्या दारापर्यंत सोडलं तेव्हा उन्हं कलली होती. भाऊ बाहेर गेला होता, बाबा अजून यायचे होते. आईने ताट वाढलं आणि माझी खुर्ची पुढे ओढली. मी खुर्चीकडे गेले नाही. भिंतीला धरून तिच्यासमोर जमिनीवर बसले, उजवा पाय लांब करून. बसता बसता तोंडातून आवाज निघाला. आईचा हात पुढे आला आणि मधेच थांबला. तिने तो मागे घेऊन पदराला पुसला, त्याला काही लागलेलं नसताना. मग विचारलं, "कुठी दुखून राहिलं?"

तो पुसलेला हात मी बघितला आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की दुसऱ्या कुठल्या लाजेला जागाच उरली नाही. मी म्हटलं, "जांघेत."

तिने ताट बाजूला सारलं. मग हळूच म्हणाली, "तव्हाबी तिथीच दुखत होतं?"

"हो."

"पयल्या दिवसापासून?"

"हो माय. तुहा हात गेला होता तिथं. मीच नाही म्हटलं."

मला वाटलं ती मारेल. मारावं असं वाटत होतं. बाहेर कारखान्याचा सुट्टीचा भोंगा झाला. आईचे डोळे भरले होते, पण राग होता की आणखी काय, ते मला आजही सांगता येत नाही. तिने दोन्ही तळहात वर करून स्वतःच्या मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग नाक ओढून म्हणाली, "म्हंजे या हातायले दिसत होतं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी खेळ कायमचा बंद केला. हाड झिजायला लागलं होतं, पुढे हा पाय दोन बोटं आखूड झाला. त्याबद्दल मी कुणाला दोष दिला नाही, द्यायला दुसरं कुणी नव्हतंच. खो-खो गेला, आणि त्याचं दुःख मला झालं, खूप झालं, वर्षानुवर्षं झालं. शाळेच्या मैदानावरून जाताना मी रस्ता बदलायची.

पण दवाखान्यातून आल्यावर त्याच दुपारी मी खाटेवर पडले होते आणि डोळा लागत होता, तेव्हा नाकात काहीतरी शिरलं. लसूण, ओवा, करपायच्या बेतात आलेलं मोहरीचं तेल. डोळे उघडले. आई चुलीपाशी उभी राहून बाटली भरत होती. शांताकाकूंचा नातू एव्हाना चालायला लागला होता, पण ओळीच्या टोकाला दुसऱ्या एका घरी नवं बाळ आलं होतं. तिने बाटली पदराखाली घेतली, चपला घातल्या. उंबऱ्यावर थांबून वळली. माझ्यावर अजून रागावलेलीच होती.

"खाली बसशील नको," ती म्हणाली. "खुर्चीवरच बस." आणि गेली.